चार सेकंदांची सलामी

इंजिन खोटं बोलत नाही, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरातला प्रत्येक मिस्त्री छातीवर हात ठेवून सांगतो. मान्य. पण विचारणारा आळशी असला, तर त्याच खऱ्या उत्तराचा दगड करून भलत्याच माणसाच्या डोक्यात घालता येतो. हे मी पाहिलंय. तो दगड माझ्याच अंगणातला होता.

सर्जामामा गॅरेजवर आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याच्या अंगात खाकी शर्ट नव्हता. कामाच्या दिवशी साध्या शर्टातला मामा मी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. तो सह्यधारा संस्थेच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर. भुईबावडा घाट उतरायचा, खालच्या वाड्यांतले पेशंट घेऊन परत घाट चढायचा आणि कोल्हापूर गाठायचं, हे त्याचं रोजचं काम. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. दहावीत मी दोनदा आपटले तेव्हा पान्यांचा पहिला सेट त्यानेच हातात ठेवला होता.

"आज सुट्टी काय मामा?"

"कायमचीच दिसतीया." तो स्टुलावर टेकला. "चहा सांग. साखर कमी टाक म्हणावं, आता बसून खायचंय."

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तीन आठवड्यांपूर्वी घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्याच्या गाडीची हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं धड आणि वरचं झाकण यांच्यामधली पट्टी, उडाली होती. आत कळा सुरू झालेली दीपाली नावाची बाई होती. ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाडीतच मोकळी झाली. दुसरी गाडी येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली. आई आणि मुलगी दोघी वाचल्या, हे सगळ्यांचं नशीब. पण चौकशी लागली आणि चौकशीचा निकाल या कागदावर होता. 'चालकाने वेस्टगेटशी छेडछाड करून टर्बोचा बूस्ट १.३ बारपर्यंत नेला. मंजूर मर्यादा ०.८. चालक प्रथमदर्शनी दोषी. सोमवारी सुनावणी.' खाली बारीक अक्षरात होतं की दोष सिद्ध झाल्यास परवाना रद्द आणि पोलिसांत तक्रार.

१.३ वाचलं आणि मी हातातला पाना खाली ठेवला. कारण तो आकडा मामाचा नव्हता, माझा होता.

हे कळायला दोन वर्षं मागे जावं लागेल. २०३९ साली सह्यधाराने आपल्या जुन्या डिझेल गाड्या इथेनॉलवर करून घ्यायचं ठरवलं. विजेच्या गाड्या सपाटीवर झकास चालतात, पण दरड कोसळून चार दिवस लाईट नसली की घाटाखालच्या वाड्यांना इथेनॉलच तारतं. मामाची गाडी माझ्याकडे आली. इंजिन २.२ लिटरचं, दणकट लोखंडी ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड.

टर्बो म्हणजे काय, ते लोहाराच्या भात्यावरून समजून घ्या. फरक एवढाच की हा भाता इंजिन स्वतःच्याच उच्छ्वासाने चालवतं. धुराड्यातून वाया जाणारा गरम वायू एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. कोंबलेल्या हवेचा वरकड दाब म्हणजे बूस्ट. एक बार बूस्ट म्हणजे साधारण दुप्पट हवा. वेस्टगेट ही सुटकेची झडप. दाब ठरल्यापेक्षा वाढला की एका बारीक नळीतून तिला तो कळतो, ती उघडते आणि वायू चाकाला वळसा घालून निघून जातो.

लोकांना वाटतं, मोठा टर्बो म्हणजे भारी. तालमीतला दीडशे किलोचा गडी उठून उभा राहीपर्यंत चपळ गडी दोन डाव टाकून मोकळा होतो, हे त्यांना दिसत नाही. मी गॅरेजच्या फरशीवर खडूने मांडलं होतं. घाटाच्या वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला अठराशे फेऱ्यांवर. दर दोन फेऱ्यांना इंजिन एकदा पोटभर हवा घेतं. म्हणजे मिनिटाला जेमतेम दोन हजार लिटर. एवढ्याशा वाऱ्यावर मोठं चाक जागंच होत नाही, ते तीन हजार फेऱ्यांनंतर डोळे उघडतं. तोवर वळण संपतं नाहीतर गाडी बंद पडते. लहान चाक सोळाशेलाच फिरायला लागतं. पुढे सपाट रस्त्यावर ते धापा टाकतं, टाकू दे. रुग्णवाहिकेला शर्यत जिंकायची नाही, वळण चढायचंय. मी लहान टर्बो बसवला.

बूस्ट किती, हा दुसरा प्रश्न. जास्त दाबलं की हवा तापते आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण कुठेतरी आपोआप पेटतं. डब्यात नटबोल्ट टाकून हलवल्यासारखा आवाज येतो. आम्ही त्याला ठोका म्हणतो. इथेनॉल बाष्प होताना हवेला गार करतं, म्हणून ते पेट्रोलपेक्षा जास्त दाब सोसतं, पण त्यालाही अंत आहे. आमचे दस्तगीरचाचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावून मूठ कानाला लावायचे आणि ठोका सुरू होण्याआधीची कुजबुज पकडायचे. मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी ऐकलं, मी गेज वाचलं, एक बारला कुजबुज नव्हती. आम्ही ०.८ वर सील मारलं.

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. आता मूर्खपणा ऐका.

आमच्या गल्लीत इंजिन गिऱ्हाइकाच्या हवाली करताना सलामी देतात. नारळ फुटतो, गाडी कात्यायनीच्या चढाला नेतात आणि मिस्त्री केबिनपर्यंत ओढून आणलेली वेस्टगेटची नळी एका हाताने चिमटून धरतो. चार सेकंद. बूस्ट मर्यादा ओलांडून वर उसळतो, गाडी चढावर उडी मारते, गिऱ्हाईक सीटला चिकटतं आणि हसतं. मग नळी सोडायची, सील लावायचं, काम संपलं. कशासाठी? आपण बांधलेल्या इंजिनात किती दम आहे ते दाखवायला. दुसरं कारण नाही. कुठल्याही कागदावर सलामी नसते. मी मामाच्या गाडीला दिली तेव्हा काटा १.३ वर गेला होता. शेजारच्या सीटवर मामा बसला होता आणि लहान पोरासारखा खिदळत होता.

हा आकडा जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होता. आता तो धातूलाही ठाऊक आहे हे उघड झालं.

धातूवर ताण आला की आतल्या कणांच्या सीमा सरकतात आणि सरकताना किरकिरतात. आपल्या कानाच्या कितीतरी पलीकडची किरकिर. गंमत पुढे आहे. एकदा एखादा ताण सोसलेला धातू पुन्हा तेवढ्याच ताणापर्यंत गप्प बसतो. पूर्वीची कमाल ओलांडली की मगच तोंड उघडतो. म्हणजे आयुष्यात सोसलेला सगळ्यात मोठा भार त्याला आठवतो. हे संशोधकांना गेल्या शतकापासून माहीत होतं, पण इंजिनाच्या गोंगाटातून ती किरकिर वेचणारं यंत्र नव्हतं. दीड वर्षापूर्वी ते आलं. हेडच्या बोल्टखाली बसणारी पातळ चकती, सरकारी नाव श्रवणकडी, गल्लीतलं नाव कानवायसर.

वायसरने जगणं उलटंपालटं केलं. जत्रेतल्या पाळण्यांना वायसर लागले, पुलांना लागले. जुनी गाडी घेणारा आधी वायसरचा दाखला मागू लागला. शाहूपुरीत एका सासऱ्याने जावयाच्या गाडीचा दाखला काढला आणि त्याच्या 'मी कधी साठच्या वर जात नाही'चं पितळ लग्नाच्या पंगतीत उघडं पाडलं. लोक म्हणाले, आता लपवाछपवी संपली. मीही म्हणाले होते. तेव्हा स्वतःची सलामी मला आठवली नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?"

"सलामी."

त्याने कप खाली ठेवला. "गप बैस. तुझा परवाना जाईल. गॅरेज जाईल. माझी पाच वर्षं राहिलीत, तुझी तीस."

"आणि पोलीस?"

"बघू की. मला काही सांगायचं न्हाई, एवढंच मी लिहून दिलंय. खोटं तर बोललो न्हाई."

मला राग आला. त्याचा नाही, त्या उपकाराचा. कुणी न विचारता आपल्या नावावर उपकार टाकून मोकळं होतं आणि मग जन्मभर आपण त्याच्या डोळ्यांत बघू शकत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. मामा उठला, चहा अर्धा टाकून गेला. वाढवलेल्या पोरीने असं बोलावं, हे त्याला लागलं होतं.

दुपारी मी चाचांच्या घरी गेले. चाचा चौऱ्याहत्तरचे. टर्बोच्या शिट्ट्यांनी त्यांचा उजवा कान केव्हाच गेलाय. डाव्या बाजूला बसून मी सगळं सांगितलं.

"एक पूर्णांक तीन?" चाचा म्हणाले. "जरा जास्तच चिमटलंस बेटा."

"चाचा, त्याने इंजिन बिघडलं का, ते सांगा."

"चार सेकंदांत? तो ब्लॉक हत्ती आहे. आणि सलामीनं बिघडायचं असतं तर दोन वर्षं चाललं असतं का?" ते थांबले. "टर्बो तोच आहे का, तू बसवलेला?"

तो प्रश्न मी विचारायला हवा होता. मी मामाला फोन लावला. तो आधी उचलेना. तिसऱ्यांदा उचलला.

"बदलला की," तो म्हणाला. "मागल्या वर्षी. सगळ्या गाड्यांना एकच माप, असं वरनं आलं. मोठा आहे. वळणावर गाडी मरगळते, मग एकदम लाथ मारल्यागत उसळते. मी लिहून दिलं होतं दोनदा."

चाळीस गाड्या, कुणी सपाटीवर, कुणी घाटात, सगळ्यांना एकच माप. खरेदीच्या कागदाला ते सोयीचं. कागद घाट चढत नाही.

त्या दिवशी मी संस्थेला अर्ज करून चौकशीचं मूळ वाचन मागवलं. गाडी बांधणाऱ्या मिस्त्रीला तो हक्क आहे, बहुतेकांना माहीत नसतो इतकंच. इंजिन नवी गॅस्केट घालून स्टँडवर बांधलेलं होतं. तिथे दाब हळूहळू वाढवत नेऊन दहा बोल्टांखालच्या दहा वायसरांनी ऐकलेलं होतं. अहवालात एकच आकडा होता, १.३. मूळ पानावर आठ वायसरांचे आकडे १.३ च्या आसपास आणि खाली एक ओळ होती: 'कडी क्रमांक ९ व १० यांचे वाचन विसंगत, म्हणून वगळले.'

नऊ आणि दहाचं वाचन होतं ०.६.

ती ओळ मी सात-आठ वेळा वाचली. दहा माणसांना विचारलं, आठ म्हणाले बरं आहे, दोघं विव्हळत होते, तर त्या दोघांना हाकलून दिलं आणि लिहिलं सगळं ठीक. हे ज्याने लिहिलं तो शिकलेला माणूस असणार. मी शाळेत आपटले, तरी मला कळतं की विव्हळणाऱ्याकडे आधी बघायचं.

सोमवारी सुनावणीला मामा नव्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला होता. माझ्याशी बोलला नाही. चाचा न बोलावता आले, हातात तोच लांब स्क्रूड्रायव्हर, दारावरच्या शिपायाने तो काढून घेतला. टेबलापलीकडे संस्थेचे दोन पदाधिकारी आणि तपासणी अभियंता इरावती नाईकनवरे. वय तिशीच्या आत, समोर तोच अहवाल.

"श्री. खाडे, तुम्हाला काही सांगायचं आहे?" नाईकनवरेंनी मामाला विचारलं.

"न्हाई."

"मला सांगायचंय," मी उठले. "मी तेजल पोवार. हे इंजिन मी बांधलं. १.३ बार मी दिला, २२ नोव्हेंबर २०३९ ला, कात्यायनीच्या चढावर, चार सेकंद, वेस्टगेटची नळी हाताने चिमटून. यांचा त्यात हात नाही."

"तेजे," मामा दबक्या आवाजात म्हणाला.

"कशासाठी?" नाईकनवरेंनी विचारलं.

"दिमाख. आमच्याकडे सलामी म्हणतात."

एक पदाधिकारी हसला. "म्हणजे तुम्हीच इंजिन बिघडवलं आणि स्वतःच सांगताय. सोपं झालं."

"सोपं करू नका, मागच्या वेळी सोपं केलंत म्हणून हे झालं." मी मूळ पान टेबलावर ठेवलं. "सलामीचा दाब दहाही बोल्टांवर सारखाच पडला. त्याने बिघडलं असतं तर दहाही बिघडले असते. आठांना १.३ अजून आठवतोय, त्याखाली ते गप्प आहेत, म्हणजे धडधाकट आहेत. नऊ आणि दहा ०.६ लाच ओरडतायत. त्यांनीही त्या दिवशी १.३ सोसला होता. मग ते विसरले कसे?"

मग नाईकनवरे स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "भाजला की धातू विसरतो."

"नऊ आणि दहा चौथ्या सिलिंडरचे. त्याला कुणी भाजलं, ते बघू या का? इंजिन खालीच आहे."

पदाधिकाऱ्यांना सही करून जेवायला जायचं होतं. नाईकनवरे मात्र खुर्ची सरकवून उठल्या. आम्ही सगळे खालच्या शेडमध्ये गेलो. मोठा टर्बो ब्लॉकला चिकटून बसला होता, जागा नसताना घुसवलेला. त्याला जागा करण्यासाठी मागच्या बाजूची पाण्याची नळी वाकवली होती, इतकी की वळणावर ती चपटी झाली होती. चौथ्या सिलिंडरचं थंड पाणी त्याच नळीतून यायचं.

नाईकनवरेंनी चपट्या जागेवर बोट फिरवलं. "निम्मंही पाणी जात नसेल."

"मरगळलेली गाडी चढवायला ड्रायव्हरनं पाय दाबला," चाचा म्हणाले, "मग टर्बो एकदम जागा झाला, चौथा तापलेला होताच, ठोका बसला. गॅस्केट काय करणार बिचारी." मग त्यांनी पदाधिकाऱ्यांकडे वळून म्हटलं, "साहेब, सलामी हिला मी शिकवली. गुन्ह्यात माझंही नाव घाला. आणि माझा स्क्रूड्रायव्हर परत द्या."

नाईकनवरेंनी वाकून ती नळी दोन्ही टोकांपर्यंत तपासली. सरळ झाल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "ती दोन वाचनं मी वगळली होती," त्या म्हणाल्या. "प्रणालीनं सुचवलं, मी होय म्हटलं." इतकं सरळ बोलणारा अधिकारी मी आधी पाहिला नव्हता. माझा निम्मा राग तिथेच ओसरला. निम्मा राहू दिला, तो उपयोगी पडतो.

निकाल लागला. मामा निर्दोष. नळी वाकवणाऱ्या कंत्राटदाराचं काम काढून घेतलं. घाटातल्या अकरा गाड्यांना परत लहान टर्बो. आणि माझा परवाना सहा महिने निलंबित, कारण मर्यादेबाहेरचा दाब नोंद न करता दिला. बरोबर शिक्षा. मी अपील केलं नाही.

शेडबाहेर मामा म्हणाला, "मोठी शहाणी झालीस."

"तू वाढवलंस."

"सहा महिने खाणार काय?"

"तुझ्याकडे येते. साखर कमी टाकू."

तो हसला. आठ दिवसांनी पहिल्यांदा.

त्या सहा महिन्यांत नाईकनवरे तीनदा गॅरेजवर आल्या. फरशीवर बसून खडूने आकडे मांडले, चाचांच्या स्क्रूड्रायव्हरला कान लावून बघितला, काही ऐकू आलं नाही म्हणून वैतागल्या. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "तुमची सलामी मूर्खपणाची आहे, कारण ती लपून देता. उघड्यावर, मोजून दिली तर ती चाचणी आहे." प्रत्येक नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी, स्टँडवर, चार सेकंद ठरलेला जादा दाब द्यायचा. दहाही बोल्टांखालच्या धातूच्या आठवणीत तो आकडा कोरला जातो. पुढे कुठल्याही सर्व्हिसला त्याच्या आत एखादा बोल्ट बोलला, तर तो आजारी. गाडी घाटात बंद पडायच्या कितीतरी आधी कळेल. आणि एकही वाचन वगळायचं नाही. तो नियम मी संस्थेच्या चाचणी-पत्रकात लिहायला लावला, तिसऱ्या ओळीत, ठळक.

परवाना परत मिळाल्यावर पहिली गाडी मामाचीच होती. नवं हेड, सरळ नळी, लहान टर्बो. स्टँडवर इंजिन चालू होतं. नाईकनवरे पडद्यासमोर, चाचा डावा कान लावून ब्लॉकपाशी. १.३ ची फुशारकी नको होती, आधी मोजून घेतलं होतं. या हेडला १.१ पुरेसा. मी नळी हाताने नाही, आकडे मारलेल्या झडपेने आवळली. एक, दोन, तीन, चार. सोडली. मग दाब शून्यावर आणून पुन्हा चढवला. ०.६, ०.८, एक. दहाही गप्प.

"कुजबुज नाही," चाचा म्हणाले.

"इथेही नाही," नाईकनवरे म्हणाल्या.

मी नोंदपुस्तकात लिहिलं: सलामी, १.१ बार, चार सेकंद. खाली माझी सही. मग ०.८ वर सील मारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाचा फोन आला. घाटमाथ्यावर गाडी उभी केली होती. खालून पेशंट घेतला होता, म्हातारा, दम्याचा.

"चढली का?" मी विचारलं.

"तिसरं वळण, दुसरा गिअर, पाय अर्धाच."

"आवाज? ठोका वगैरे? नीट सांग मामा, चौथ्याकडून काही—"

"हळू बोल की," मामा कुजबुजला. "आजोबा झोपलेत."